महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी

उभी गाडी इंधन जाळत नाही, टायर झिजवत नाही. तिची बॅटरी मात्र रोज थोडी थोडी उतरत असते. मुलांकडे परदेशी जाऊन पाच-सहा महिने राहणारे आईवडील, जहाजावर नोकरी करणारे, गावच्या घरी गाडी ठेवून ती गणपतीला आणि शिमग्यालाच बाहेर काढणारे, या सगळ्यांना परतल्यावर पहिला अनुभव येतो तो बसलेल्या बॅटरीचा. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली, तेव्हा सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहीत आणि निर्बंध सैल झाल्यावर किल्ली फिरवताच अनेकांना हाच अनुभव आला. बॅटरी एकदा बसली तर ती पुन्हा चार्ज करता येते. पण उतरलेल्या अवस्थेत ती महिनाभर पडून राहिली, तर तिचे कायमचे नुकसान होते. म्हणून गाडी उभी करण्यापूर्वी अर्धा तास खर्चून केलेली तयारी नव्या बॅटरीचा खर्च वाचवते.

बॅटरी का उतरते

पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांमध्ये सुरुवातीचा जोर देणारी बॅटरी शिसे आणि आम्ल यांवर चालते. गॅस्टन प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ही पद्धत शोधली आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. एका पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसे आणि दोन्हींभोवती पाणी घातलेले गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड असते. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्ल पातळ होत जाते. चार्ज करताना ही क्रिया उलटी होते.

उभ्या गाडीत बॅटरी दोन वाटांनी उतरते. पहिली वाट बॅटरीच्या आतच आहे. काहीही जोडलेले नसले तरी पट्ट्या आणि आम्ल यांच्यात संथ क्रिया चालू राहते. कॅल्शियम मिश्रधातूच्या पट्ट्या असलेल्या आजच्या बॅटरीत ही घट सामान्य तापमानाला महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के असते. जुन्या, अँटिमनी मिश्रित पट्ट्यांच्या बॅटरीत ती याहून बरीच जास्त असते. तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की हा वेग जवळजवळ दुप्पट होतो.

दुसरी वाट गाडीची आहे आणि खरे नुकसान तिच्यामुळे होते. किल्ली काढून घेतली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, चोरीची सूचना देणारा अलार्म, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर आणि इंजिनाचा संगणक यांना थोडी वीज सतत लागते. धडधाकट गाडीत हा प्रवाह साधारण २० ते ५० मिलीअँपिअर असतो. बाहेरून बसवलेला ट्रॅकर, डॅशकॅम, वेगळा ॲम्प्लिफायर किंवा स्वस्तातला अलार्म असेल तर तो आणखी वाढतो. काचेवरच्या फास्टॅगचा मात्र बॅटरीवर कसलाही भार नसतो, कारण त्याला टोलनाक्यावरच्या यंत्राकडूनच ऊर्जा मिळते.

किती दिवसांत बसते: साधा हिशेब

प्रवाहाला तासांनी गुणले की किती वीज खर्च झाली ते कळते. २० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-तास आणि महिन्याला १४-१५ अँपिअर-तास. लहान पेट्रोल गाड्यांत सहसा ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. बॅटरीची स्वतःची घट धरली तर महिन्याभरात तिच्यातली निम्म्याच्या आसपास वीज संपते आणि दुसरा महिना सरता सरता ती पूर्ण बसते. ५० मिलीअँपिअर प्रवाह असेल तर महिन्याचा खर्च ३६ अँपिअर-तास होतो, म्हणजे ३५ ची बॅटरी महिनाभरही टिकत नाही. डिझेल गाडीची बॅटरी ६० ते ६५ अँपिअर-तासांची असली तरी डिझेल इंजिनात दाब जास्त असल्याने ते फिरवायला प्रवाहही जास्त लागतो. त्यामुळे निम्मी उतरलेली बॅटरी तिथे पुरी पडत नाही.

हा हिशेब नव्या आणि पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आहे. तीन-चार वर्षे वापरलेल्या बॅटरीची प्रत्यक्ष क्षमता लेबलावरच्या आकड्यापेक्षा कमी झालेली असते. शहरात फक्त बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीची बॅटरी तर उभी करण्याच्या दिवशीही पूर्ण भरलेली नसते. सर्वसाधारण नियम म्हणून, तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ गाडी उभी राहणार असेल तर काही ना काही उपाय आवश्यक समजावा.

उतरलेली बॅटरी तशीच राहिली की पट्ट्यांवरचे सल्फेट हळूहळू कडक, मोठ्या स्फटिकांत बदलते. मऊ सल्फेट चार्जिंगने पुन्हा विरघळते. कडक झालेले सहजी विरघळत नाही आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. यालाच सल्फेशन म्हणतात. बॅटरी शंभर टक्क्यांच्या जवळ ठेवली तर ही क्रिया फारशी होत नाही. उभ्या गाडीच्या बॅटरीची सगळी निगा याच एका गोष्टीसाठी आहे.

उभी करण्यापूर्वीची तपासणी

बॅटरी किती भरली आहे हे साध्या मल्टिमीटरने कळते. इलेक्ट्रिकल दुकानात मिळणारा स्वस्त मीटरही या कामाला पुरतो. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून लाल टोक पॉझिटिव्ह टर्मिनलला आणि काळे निगेटिव्हला लावावे. गाडी चालवल्यानंतर लगेच घेतलेले माप फसवे, नेहमी जास्त येते. म्हणून गाडी रात्रभर बंद राहिल्यानंतर सकाळी मोजावे. साध्या बॅटरीसाठी आकडे साधारण असे वाचतात:

१२.६ ते १२.७ व्होल्ट: पूर्ण भरलेली.
१२.४ व्होल्ट: सुमारे तीन चतुर्थांश भरलेली, चार्जिंगची वेळ झाली.
१२.२ व्होल्ट: निम्मी.
१२.० व्होल्ट: एक चतुर्थांश उरलेली.
११.८ व्होल्ट किंवा कमी: बसलेली.

काही बॅटऱ्यांवर रंग दाखवणारा छोटा डोळा असतो. तो सहापैकी एकाच कप्प्याची स्थिती दाखवतो, त्यामुळे तो हिरवा आहे एवढ्यावर विसंबू नये.

टर्मिनलवर पांढरा किंवा निळसर-हिरवा थर जमला असेल तर केबल काढून गरम पाण्यात खायचा सोडा कालवून तो जुन्या टूथब्रशने घासून काढावा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये, कारण सोड्याने आतले आम्ल निष्प्रभ होते. साफ केलेला भाग पुसून, वाळवून त्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. बॅटरीच्या वरच्या बाजूची ओलसर धूळही पुसावी; तिच्यातून दोन टर्मिनलांमध्ये बारीक प्रवाह वाहत राहतो.

झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत पाण्याची पातळी पाहावी. ती खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये असावी. कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकावे. नळाच्या पाण्यातले क्षार पट्ट्या बिघडवतात, आणि घरच्या फिल्टरच्या किंवा एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याचीही शुद्धता तेवढी नसते. वरून आम्ल कधीही घालू नये; उडून जाते ते पाणी, आम्ल आतच राहते. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढेच पाणी टाकून बॅटरी चार्ज करावी आणि मग पातळी खुणेपर्यंत आणावी, कारण चार्ज होताना पातळी थोडी वर येते.

शेवटी गाडीतले लपलेले भार शोधावेत: डिकीतला दिवा, आरशाजवळचा दिवा, सॉकेटमध्ये विसरलेला मोबाइल चार्जर, डॅशकॅम. बॅटरी नवी असूनही आठवड्याभरात उतरत असेल तर कुठेतरी प्रवाह गळतो आहे. अशा वेळी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून गाडी बंद असतानाचा प्रवाह मोजून घ्यावा. कुलूप लावल्यावर गाडीतले सगळे संगणक झोपायला वीस-तीस मिनिटे लागू शकतात. त्यानंतरचे माप खरे.

किती काळासाठी कोणता उपाय

दोन-तीन आठवडे: बॅटरी चांगली आणि भरलेली असेल तर काही करावे लागत नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी गाडी महामार्गावर तासभर चालवून आणावी. बिनकिल्लीच्या गाडीची किल्ली गाडीपासून दूर ठेवावी. ती जवळच्या भिंतीपलीकडे असली तर काही गाड्या तिच्याशी संपर्क साधण्यासाठी पुन्हा पुन्हा जाग्या होतात.

एक ते तीन महिने: निगेटिव्ह केबल सोडवून ठेवणे हा सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय. गाडीची वाट बंद झाली की उरते ती फक्त बॅटरीची स्वतःची घट. पूर्ण भरलेली, चांगली बॅटरी तीन महिन्यांनंतरही इंजिन सुरू करण्याच्या स्थितीत राहते.

तीन महिन्यांहून जास्त: केबल सोडवण्यासोबत अधूनमधून चार्जिंग लागते. पार्किंगमध्ये वीज असेल तर भरल्यावर आपोआप मंद होणारा स्मार्ट चार्जर कायम जोडून ठेवता येतो. ती सोय नसेल तर बॅटरी काढून कोणाच्या तरी घरी किंवा ओळखीच्या बॅटरीच्या दुकानात ठेवावी आणि दर सहा ते आठ आठवड्यांनी चार्ज करून घ्यावी. कोणताही उपाय निवडला तरी १२.४ व्होल्टच्या खाली बॅटरी जाऊ न देणे हे लक्ष्य असावे.

उघड्यावर उभ्या गाडीसाठी ५ ते १० वॅटचे छोटे सौर पॅनेलही चालते. ते बॅटरी भरण्यासाठी नसते, घट भरून काढण्यापुरते असते. मात्र बऱ्याच गाड्यांचा डॅशबोर्डवरचा सॉकेट किल्ली बंद केली की बंद होतो. अशा गाडीत पॅनेल थेट बॅटरीला जोडावे लागते. तळघरातल्या पार्किंगमध्ये आणि कोकणातल्या पावसाळ्यात सौर पॅनेलवर भिस्त ठेवता येत नाही.

केबल सोडवण्याची रीत

गाडी बंद करावी, काचा वर कराव्यात, डिकीतून लागणारे सामान आधीच काढून घ्यावे. वीज तुटल्यावर अनेक गाड्यांची डिकी बटणाने उघडत नाही. म्हणून पाना, चार्जर किंवा जंपर केबल डिकीत ठेवणे चुकीचे. स्मार्ट किल्लीच्या आत लपलेली साधी किल्ली कुठे आहे आणि ती दाराच्या कुलपात फिरते का, हे केबल काढण्याआधी पाहावे. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो लिहून ठेवावा.

किल्ली काढल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे गाडीतले संगणक आपली कामे संपवतात. हातातली अंगठी, कडे, बांगड्या, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. मग दहाच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनलचा नट ढिला करून केबल उचलावी. निगेटिव्ह बाजू उणे चिन्हाने ओळखता येते; तिचा खुंट पॉझिटिव्हपेक्षा थोडा बारीक असतो. काढलेली केबल पुन्हा टर्मिनलला टेकणार नाही अशी बाजूला वळवून तिच्यावर कापड किंवा रबर गुंडाळावे.

निगेटिव्ह आधी काढण्यामागे कारण आहे. गाडीचा सगळा धातूचा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेले आणि पाना सांगाड्याला लागला, तर थेट शॉर्टसर्किट होऊन पाना लाल होतो, ठिणग्या उडतात. निगेटिव्ह आधी सुटली की हा धोका राहत नाही. जोडताना क्रम उलटा: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह.

केबल सुटली की अलार्म आणि ट्रॅकर बंद होतात. त्यामुळे गाडी बंद गॅरेजमध्ये किंवा पहारा असलेल्या पार्किंगमध्ये असावी. चाकांना लाकडी ठोकळे किंवा विटा लावाव्यात. हँडब्रेक महिनोन्महिने ओढून ठेवला तर तो धरून बसतो. त्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवावी. बटणाचा, विजेवर चालणारा हँडब्रेक बॅटरीशिवाय सुटत नाही, म्हणून अशा गाडीत तो लावायचा की नाही हे गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे आधी ठरवावे.

चार्जर वापरताना

आजचे स्मार्ट चार्जर टप्प्याटप्प्याने काम करतात. आधी ठरलेला प्रवाह देतात, मग साधारण १४.४ ते १४.७ व्होल्टवर बॅटरी पूर्ण भरतात आणि शेवटी १३.५ ते १३.८ व्होल्टवर नुसती राखतात. जुने, साधे ट्रान्सफॉर्मरचे चार्जर स्वतःहून थांबत नाहीत. ते विसरून लावून ठेवले तर पाणी उडते आणि पट्ट्या खराब होतात. कायम जोडून ठेवण्यासाठी स्मार्ट चार्जरच हवा.

चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या साधारण दहाव्या भागाइतका असावा. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ३ ते ४ अँपिअर योग्य. निम्मी उतरलेली बॅटरी या वेगाने पूर्ण भरायला सात-आठ तास लागतात. घरच्या इन्व्हर्टरला गाडीची बॅटरी जोडून ती भरून घेणे टाळावे. घरगुती इन्व्हर्टरचा चार्जर १५० अँपिअर-तासांसारख्या मोठ्या बॅटरीसाठी असतो. त्याचा प्रवाह गाडीच्या लहान बॅटरीला फार होतो.

चार्ज होताना, विशेषतः शेवटी, बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि ठिणगीने तो पेट घेतो. म्हणून चार्जिंग हवेशीर जागी करावे. देवघर, स्वयंपाकघर किंवा बंद खोली त्यासाठी योग्य नाही. जवळ बिडी-सिगारेट, समई, गॅस काही नसावे. आधी चिमटे बॅटरीला लावावेत आणि मग चार्जर चालू करावा. काढताना आधी चार्जर बंद करावा. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

बॅटरी काढून ठेवताना

लहान गाडीची बॅटरी साधारण दहा किलोंची, डिझेल गाडीची १५ किलोंहून जड असते. ती उचलताना आणि नेताना उभीच ठेवावी, आडवी करू नये. ठेवण्याची जागा थंड, कोरडी, सावलीतली आणि लहान मुलांच्या हाताला न येणारी असावी. सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्यास बॅटरी उतरते असा समज आहे. लाकडी किंवा कडक रबराच्या पेट्या असत तेव्हा त्यात तथ्य होते. आजच्या प्लास्टिकच्या पेटीला तो नियम लागू नाही. तरीही खाली फळी किंवा प्लास्टिकचा ट्रे ठेवावा, कारण पाझरलेल्या आम्लाने फरशीवर कायमचा डाग पडतो. पेटीवर शेवटच्या चार्जिंगची तारीख चिकटवून ठेवली की पुढची वेळ चुकत नाही.

दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने काय होते

वॉचमनला किंवा शेजाऱ्याला किल्ली देऊन आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करायला सांगणे ही सर्वत्र चालणारी रीत आहे. तिचा बॅटरीला फार कमी उपयोग होतो. इंजिन सुरू करताना प्रवाह मोठा, शंभर-दोनशे अँपिअरचा लागतो. पण तो एक-दोन सेकंदच, म्हणून त्यात खर्च होणारी वीज अगदी थोडी असते. ती काही मिनिटांत भरून निघते. प्रश्न असतो मागच्या आठवड्याभरात गेलेल्या विजेचा. जागच्या जागी मंद चालणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटर पुरेसा जोर देत नाही आणि दहा मिनिटांत दोन-तीन अँपिअर-तास भरले तरी पुष्कळ झाले. ५० मिलीअँपिअर खाणाऱ्या गाडीत आठवड्याचा खर्च आठ अँपिअर-तासांहून जास्त असतो. प्रत्येक आठवड्याला तूट वाढतच जाते.

इंजिनालाही ही रीत मानवत नाही. ते पुरेसे गरम होत नाही, न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते, सायलेन्सरमध्ये पाणी साठून आतून गंज चढतो. विश्वासू आणि परवाना असलेली व्यक्ती असेल तर दर दोन आठवड्यांनी गाडी रस्त्यावर नेऊन सलग ३० ते ४५ मिनिटे चालवावी, शक्य तेवढा वेळ एसी आणि दिवे बंद ठेवावेत. याने बॅटरी, टायर, ब्रेक सगळ्यांचे भले होते. त्यासाठी विमा आणि पीयूसी चालू असायला हवेत. एवढे जमणार नसेल तर केबल सोडवून गाडी शांत उभी ठेवणेच योग्य.

ऊन, पाऊस आणि बर्फ

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो आणि पत्र्याच्या शेडखाली उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये उष्णता त्याहून जास्त साठते. अशा ठिकाणी बॅटरीची घट वेगाने होते आणि आतले पाणीही लवकर कमी होते. उन्हाळाभर गाडी उभी राहणार असेल तर बॅटरी काढून घरात, गार जागी ठेवावी आणि चार्जिंग महिन्याला एकदा करावे. कोकण आणि गोव्यातल्या पावसाळ्यात दमट, खाऱ्या हवेने टर्मिनल लवकर गंजतात. तिथे पेट्रोलियम जेलीचा थर आणि कोरडी जागा यांना महत्त्व. पावसात आडोशाला उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये उंदीर शिरून वायरी कुरतडतात, म्हणून निघण्याआधी तिथला पालापाचोळा आणि गाडीतले खाण्याचे पदार्थ काढून टाकावेत.

अमेरिका, कॅनडा किंवा युरोपातून हिवाळ्यात भारतात येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या गाड्या तिकडे बर्फात उभ्या असतात. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले आम्ल उणे ५० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले उणे १० च्या आधीच गोठू शकते आणि पेटी तडकते. गोठलेली बॅटरी कधीही चार्ज करू नये किंवा तिला जंपर लावू नये. तिकडून निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरून केबल सोडवणे किंवा स्मार्ट चार्जर लावणे अनिवार्य समजावे.

नव्या गाड्यांतले फरक

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी असते. चार्जरवर एजीएमसाठी वेगळे बटण असेल तर तेच वापरावे. अशा गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीची नोंद ठेवणारा सेन्सर बसवलेला असतो; चार्जिंग गाडीतच करायचे असल्यास काळा चिमटा बॅटरीच्या खुंटाऐवजी बॉडीवरच्या ठरलेल्या अर्थ पॉइंटला लावावा, म्हणजे सेन्सरची नोंद बरोबर राहते.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतही मोठ्या बॅटरीशिवाय १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते. तीच दारे, पडदा आणि संगणक चालवते. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. काही गाड्या उभ्या असतानाच मोठीतून छोटी भरून घेतात, काही घेत नाहीत. या गाड्यांत पुस्तिकेतली सूचना हाच नियम. मोठी बॅटरी काठोकाठ भरून किंवा अगदी रिकामी ठेवू नये. महिनोन्महिने उभी ठेवायची तर ती निम्म्याच्या आसपास भरलेली असणे चांगले. नारिंगी रंगाच्या केबलींमध्ये प्राणघातक व्होल्टेज असते, त्यांना हात लावू नये.

परत आल्यावर

किल्ली फिरवण्याआधी मीटर लावावा. १२.४ च्या वर आकडा असेल तर पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह केबल घट्ट बसवून गाडी सुरू करावी. त्याखाली असेल तर आधी चार्ज करावी. इंजिन सुरू होत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी दुबळी झाली आहे. सुरू झाल्यावर टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले की अल्टरनेटर ठीक आहे. पहिल्या दिवशी घड्याळ लावावे लागते, एका स्पर्शात वर जाणारी काच नीट चालत नाही, इंजिनाचा मंद वेग थोडा कमीजास्त होतो. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरले की बहुतेक गाड्यांत ती पुन्हा शिकते. बाकीचे थोडे चालवल्यावर आपोआप जुळते.

बॅटरी बसलेलीच निघाली तर जंपर केबल लावण्याचा क्रम पाळावा. लाल केबलचे एक टोक बसलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळीचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून ती बॅटरीजवळ नको. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच असाव्यात आणि दोन गाड्या एकमेकींना टेकलेल्या नसाव्यात. धक्का मारून सुरू करणे ऑटोमॅटिक गाडीत शक्य नसते आणि आजच्या पेट्रोल गाडीत न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग बिघडू शकतो. गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नाही; पूर्ण बसलेली बॅटरी अल्टरनेटरवर सोडण्यापेक्षा चार्जरवर सावकाश भरून घ्यावी.

पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवलेली बॅटरी सकाळी १२.४ च्या खाली दिसत असेल, पेटी फुगली असेल किंवा चार्ज होताना एकच कप्पा गरम होत असेल, तर ती बदलणेच योग्य. आपल्याकडच्या उष्ण हवेत गाडीची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. नवी घेताना तिच्यावरचा निर्मितीचा महिना पाहावा, कारण दुकानात महिनोन्महिने पडून राहिलेली बॅटरीही उतरलेली असते. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का घ्यावा. जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी. तिची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वजा होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे आणि त्या घरच्या कचऱ्यात टाकू नयेत असे ग्राहकांवरही बंधन आहे. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतले शिसे माती आणि विहिरीच्या पाण्यात उतरते आणि लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. म्हणून ती रस्त्यावरच्या भंगारात देऊ नये, अधिकृत दुकानातच परत करावी.